अण्णा पुण्याला चाललाय, वर नाही

पत्र :

ताई, नमस्कार. मी सोलापुरात बाळीवेशीत राहतो, सरकारी नोकरीत आहे, रिटायरमेंट जवळ आलीय. पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसलेला माझा मित्र, आमची सगळी बॅच त्याला अण्णा म्हणते, तो आता कायमचा पुण्याला चाललाय. पूर्व भागात त्याचे घरातच टॉवेलचे माग होते, ते भंगारात काढायचं ठरलंय. मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे, तो म्हणतो आता बास झालं, इकडं या. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा, झाला की जाणार. त्याआधीच्या रविवारी आमच्या 1986 च्या दहावीच्या बॅचनं मंगळवेढ्याकडं एकाच्या शेतात हुरडा पार्टी ठेवलीय, तिथंच सेंड-ऑफ. आणि सगळ्यांनी बोलायचं माझ्यावर टाकलंय.

मी चार पानं लिहिली. सोबत पाठवतोय. बायकोला वाचून दाखवली तर ती म्हणाली, अहो हे दहाव्याला बोलतात तसं वाटतंय.

अण्णा गणितात वर्गात पहिला असायचा. दहावी झाली आणि वडील आजारी पडले, म्हणून त्यानं माग धरला. मी त्याच्या वह्यांवर पास झालो आणि आज खुर्चीत बसतो. माझ्या वडिलांची मिल बंद पडली तेव्हा नववी-दहावीची दोन वर्षं मी दुपारचं त्याच्याच घरी जेवलो, हे अजून कुणाला माहीत नाही. त्याची आई, अम्मा, आता नाही. मध्ये भिशीच्या पैशावरून आम्ही तीन वर्षं बोलत नव्हतो, मग एका लग्नात आपोआप बोलणं सुरू झालं, तो विषय परत कधी निघाला नाही. हे बोलू का? भेट काय द्यावी, शाल-श्रीफळ की सोलापुरी चादर? आणि मला माईक हातात आला की रडू येतं, त्याचं काय करू?

ता. क. गड्ड्यात एकदा माझी चप्पल हरवली होती तर अण्णानं त्याची एक मला दिली. दोघं एकेक चप्पल घालून घरी आलो. ते आठवून आत्ता हसू आलं.

उत्तर :

दादा, आधी वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्या म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे. मी तुमची चार पानं वाचली आणि दुसऱ्या पानावर आले तेव्हा मलाच शंका आली की अण्णा आहेत ना, म्हणून पत्र परत वरनं वाचलं. 'मनमिळाऊ', 'कष्टाळू', 'निगर्वी', 'सदैव हसतमुख', 'सर्वांच्या मदतीला धावून जाणारे व्यक्तिमत्त्व', अहो हे सगळे शब्द आपण पेपरात फोटोखाली वाचतो, हार घातलेल्या फोटोखाली. आणि तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस जसे चीनला गेले तसा आमचा अण्णा पुण्याला निघाला आहे. दादा! कोटणीस 1938 ला गेले आणि 1942 ला तिकडंच वारले, परत आलेच नाहीत. तुमचा मित्र हिंजवडीला चाललाय. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली तर दुपारच्या जेवणाला तुम्ही त्याच्या घरी. कोटणीस काढा, आजच काढा.

पण शब्द बदलून काम होणार नाही, कारण गडबड दुसरीकडं आहे. सगळं भाषण तुम्ही अण्णांविषयी लिहिलंय, अण्णांना उद्देशून एक ओळ नाही. 'ते' असे होते, 'त्यांनी' तसं केलं, 'त्यांचा' स्वभाव असा. माणूस समोर खाटेवर बसलाय, हुरड्याची वाट बघतोय, आणि तुम्ही चाळीस जणांना त्याच्याबद्दल सांगताय जसा काही तो तिथं नाहीच. दहाव्याला तसंच बोलावं लागतं, कारण तिथं ऐकणारा गेलेला असतो. इथं तो आहे. मग त्याच्याकडं तोंड करून बोला ना. चारही पानांत जिथं जिथं 'ते' आहे तिथं 'तू' घालून बघा, अर्धं भाषण आपोआप गळून पडेल. 'तू मनमिळाऊ आणि निगर्वी आहेस' असं तुम्ही अण्णांना तोंडावर म्हणू शकाल का? ते काय म्हणतील, 'का बे, डोकं ठिकाणावर आहे का'. म्हणजे ते वाक्य गेलं. तोंडावर म्हणता येईल तेवढंच ठेवायचं, बाकी कितीही सुंदर असू दे.

आणि भाषा पण तीच, तुम्ही दोघं रोज बोलता ती. तुमच्या घरात कन्नड असेल, त्यांच्या घरात तेलुगू, आणि बाकावर बसून दोघांनी जी मराठी केली ती सोलापुरी, 'येऊलालास का', 'काय करूलालास बे', ती सोडून तुम्ही एकदम 'प्रिय मित्रवर्य' कुठून आणलं? बॅचमधले सगळे आपलेच आहेत, कुणी पुस्तकी मराठीचे मार्क देणार नाही.

आता तुमच्याकडं माल काय आहे ते बघू, कारण माल भरपूर आहे आणि तुम्ही तो चार पानांत कुठंच वापरला नाही. ताजा कलमात टाकलाय! दोन पोरं, गड्ड्यातून परत येतायत, होम मैदान ते बाळीवेस, दोघांच्या मिळून दोन पायांत चप्पल आणि दोन पाय मोकळे. ह्यात मैत्री-बित्री एक शब्द न म्हणता सगळं आलं की. आणि हे दुसऱ्या कुठल्याच माणसाबद्दल सांगता येणार नाही. मनमिळाऊ तर आमच्या कॉलनीतला वॉचमन पण आहे.

तसंच आवाजाचं. पान एकच्या खालच्या बाजूला तुम्ही एक ओळ लिहून मग खोडलीय, मी खोडलेलं पण वाचते हां, की अण्णांचा फोन आला की ऑफिसात सगळ्यांना ऐकू जातं. का खोडलंत? मागावर आयुष्य काढलेला माणूस मोठ्यानंच बोलतो, चार माग खटाखट चालू असताना हळू बोलून शेजारच्याला काय ऐकू येणार. पूर्व भागात ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. आता माग बंद झाले तरी आवाज काही खाली येणार नाही, आणि पुण्यात सोसायटीत त्यावरून गंमत होणार. हे बोला. हसतील सगळे, अण्णा पण हसतील, आणि तुम्हाला सुद्धा श्वास घ्यायला जागा मिळेल.

गणिताचं मात्र सांभाळून. तुमच्या तिसऱ्या पानावर ओळ आहे, 'त्यांना शिकायला मिळालं असतं तर ते आज कुठल्या कुठे असते.' तुमच्या मनातलं मला कळतं, तुम्हाला ते टोचतंय, तुम्ही खुर्चीत आणि तो मागावर, आणि डोकं त्याचं जास्त. पण दादा, ही ओळ ऐकायला त्याच्या जागी बसून बघा. चाळीस वर्षं पहाटे उठून ज्यानं घर चालवलं, ताणे-बाणे, वीज गेली, सुताचे भाव चढले, टॉवेलचे पडले, हे सगळं करून ज्यानं पोराला इंजिनियर केला, त्याला सगळ्या बॅचसमोर आणि कदाचित त्या पोरासमोर तुम्ही सांगणार की तुझं खरं आयुष्य व्हायचं राहूनच गेलं. माया असली तरी ती कीव आहे. ही ओळ नको. त्याऐवजी तुमच्या बाजूचं सांगा, 'मी तुझ्या वह्यांवर पास झालो'. तुमच्याबद्दल आहे, खरं आहे, आणि त्यात त्याची मान वरच राहते.

जेवणाचं बोलायचं का, हे तुम्ही विचारलंय. बोला. ती तुमच्या घरची गोष्ट आहे, तुमच्या वडिलांच्या मिलची, ती सांगायचा हक्क तुमचा आहे आणि लाज तर कुणाचीच नाही, त्या काळात सोलापुरात मिल बंद पडलेली किती घरं होती, तुमच्या बॅचमध्येच चार-पाच निघतील आणि ते मान खाली घालून ऐकतील बघा. फक्त 'ऋण', 'उपकार', 'अन्नदाती माउली' असलं काही लावू नका. अम्मानं ताट वाढलं, तुम्ही जेवलात. एवढंच सांगा. ताटात काय असायचं आठवतं का? आठवत असेल तर ते सांगा, चिंचेची आमटी असेल, भात असेल, जे असेल ते. अण्णांना आईच्या हातचं ताट आठवलं की तुम्हाला पुढं काही बोलायचं कारणच उरणार नाही.

भिशीचं. हे माईकवर अजिबात नाही. लोकांना वाटतं सगळ्यांसमोर माफी मागितली की मोठेपणा, मला तसं कधीच वाटलं नाही. चाळीस माणसं बघतायत, मोबाईल वर धरून शूटिंग चाललंय, अशा वेळी समोरच्यानं काय करायचं? मिठीच मारायची, दुसरा मार्गच नाही त्याला. म्हणजे तुम्ही त्याच्याकडनं माफी काढून घेतली. आणि बॅचमधल्या अर्ध्या लोकांना ती तीन वर्षं माहीत पण नसतील, उगाच घरी जाताना गाडीत तोच विषय. त्यापेक्षा हुरड्याच्या आधी एक दिवस संध्याकाळी एकटे त्याच्या घरी जा. बांधाबांध चालू असेल, कुठंतरी पोत्यावर बसा, आणि म्हणा, 'अण्णा, त्या भिशीच्या टायमाला तीन वर्षं गेली बघ आपली, मला लई वाईट वाटतं त्याचं.' कुणाचं चुकलं, किती हजार, कोण मध्ये होतं, ह्यात शिरू नका. ते म्हणाले 'सोड बे, चहा घे', तर चहा घ्या. आणि काही हिशोब खरंच राहिला असेल तर तोही त्याच दिवशी मिटवा, पाकिटात घालून, हुरड्याला नाही.

त्याच फेरीत भेटीचं काम पण उरकेल. दादा, टॉवेल विणणाऱ्या माणसाला सोलापुरी चादर देणार तुम्ही? त्याच्या घरात चादरी-टॉवेल ठेवायला जागा नसेल, आणि तो हातात घेऊन पहिलं काय करणार, कडा बघणार, काठ मोजणार आणि म्हणणार कितीला फसलास. शाल-श्रीफळ परत तेच, सत्कार. काचेची ट्रॉफी तर नकोच, हिंजवडीच्या टू-बीएचकेत ती फ्रीजवर बसते.

मी काय सुचवते सांगू, माग भंगारवाल्याच्या टेम्पोत चढायच्या आत त्यातला एक धोटा बाजूला काढून ठेवायला सांगा. अण्णांना नाही, त्यांच्या बायकोला फोन करा किंवा पोराला. सोलापूरच्या आपल्या वाचकांना धोटा सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, हातभर लांब नावेसारखा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना टोकदार लोखंड, मधल्या पोकळीत सुताची कांडी बसते आणि तो ताण्याच्या मधून इकडून तिकडं पळतो, दिवसभर, मिनिटाला शंभरच्या वर फेऱ्या. वापरून वापरून त्याचं लाकूड असं गुळगुळीत होतं की पॉलिशवाल्याला पण जमणार नाही. माग भंगारात किलोनं जातो, धोट्याला तिथं कुणी विचारत नाही. अण्णा स्वतः ठेवणार नाहीत, मागवाल्या माणसाला त्यात काही ठेवण्यासारखं वाटतच नाही, अवजार आहे ते. म्हणून दुसऱ्यानं ठेवायचं असतं. फक्त त्याला सोनेरी पट्टी मारून 'बॅच 1986 तर्फे सप्रेम भेट' करू नका, हात जोडते. नुसता कांडीसकट द्या. माग आधीच गेले असतील तर शेजारी कुणाचे तरी अजून चालू असतीलच, त्यांच्याकडनं जुना मागून घ्या, पण शक्यतो त्याच्याच मागाचा बघा.

आणि आता मला तुमच्यावर जरा रागवायचंय. चार पानं लिहिलीत, त्यात अण्णांच्या बायकोचा एक शब्द नाही! कांड्या कोण भरत होतं? टॉवेलच्या घड्या कोण घालत होतं? पूर्व भागातल्या किती घरांत बाई घरचं सगळं करून वर विड्या पण वळते, त्यांनी वळल्या का नाही मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. गाव त्या पण सोडतायत की. अण्णांना पुण्यात निदान पोराबरोबर फिरायला मिळेल, मोठ्यानं बोलून का होईना चार ओळखी होतील, त्यांचं काय? शेजारपाजार, देऊळ, बाजार, तेलुगूत भांडायला मिळणारी भाजीवाली, हे सगळं सुटतंय. त्यांना समोर बसवा आणि दोन वाक्यं त्यांना उद्देशून बोला. पार्टी नुसती पुरुषांची ठेवली असेल तर बायकांनाही बोलवा, हुरडा काय कमी पडणार आहे का मंगळवेढ्याला.

आता मी एक ढाचा करून देते. जसाच्या तसा वाचू नका, तुमच्या तोंडात बसेल तसा मोडा-तोडा.

'अण्णा, गड्ड्यात माझी चप्पल हरवली होती, आठवतं का बे? तू काही न बोलता तुझी एक काढून मला दिलास. होम मैदानापासून आपण एकेक चप्पल घालून आलो, लोक हसत होते. बाळीवेशीत मी घरात शिरलो, तू तसाच पुढं गेलास. ती चप्पल मी तुला परत दिलो का नाही, मला आठवत नाही. दिलो नसलो तर आज माग.

गणितात मी पास झालो ते तुझ्या वहीमुळं, हे सरांना पण माहीत होतं. आणि एक गोष्ट इथं कुणाला माहीत नाही. नववी-दहावीला वडिलांची मिल बंद होती, तेव्हा दुपारचं मी तुझ्या घरी जेवलो. दोन वर्षं. अम्मा कधी विचारली नाही हा रोज का येऊलालाय. तुझ्या ताटाशेजारी माझं ताट असायचं. हे सगळ्यांसमोर एकदा सांगायचं होतं, सांगितलो.

वहिनी, तुमच्या घरी आलो आणि चहा न घेता गेलो असं कधी झालं नाही, माग चालू असला तरी तुम्ही उठलात. तिकडं पुण्यात पण मी चहाला येणार आहे.

अण्णा, तुझा फोन आला की माझ्या ऑफिसात सगळ्यांना कळतं. पुण्यात जरा हळू बोल. नको, हळू नको बोलूस, सोसायटीला कळू दे कोण आलंय ते. आणि पुढच्या गड्ड्याला ये. चप्पल घालून ये.'

बघा, तीन मिनिटांच्या आत होतंय. पानभर. ह्याच्यापेक्षा जास्त नको, शेतात उन्हात उभं राहून कुणी चार पानं ऐकत नाही. आणि वेळ पण बघून घ्या, आगटी पेटायच्या आधी बोला. एकदा गरम हुरडा हातावर चोळून मिळायला लागला की शेंगाची चटणी इकडं दे, दही तिकडं दे, गूळ कुठंय, ह्यात तुमचं भाषण गेलंच. जेवणानंतर तर निम्मे लोक झाडाखाली आडवे. आणि तुमच्यानंतर 'दोन शब्द' बोलायला आणखी सहा जण उठणार नाहीत ह्याची जबाबदारी बॅचमधल्या एखाद्या कडक माणसावर द्या, मास्तर असेल कुणीतरी. तो फोटो जोडून केलेला दुःखी गाण्याचा व्हिडिओ पण ग्रुपवर नंतर टाका म्हणावं, तिथं लावायचा नाही, उन्हात स्क्रीन दिसत नाही हे कारण सांगा.

रडण्याचं. तुमचा आवाज कुठं अडकणार हे मला आत्ताच माहीत आहे, अम्माच्या ओळीवर. तर ती ओळ रविवारपर्यंत रोज मोठ्यानं म्हणा. गच्चीवर म्हणा, स्कूटरवर हेल्मेटच्या आत म्हणा, बायकोसमोर म्हणा. पहिल्या काही वेळा रडाल, मग ती नुसती ओळ होत जाते. मोबाईलवरून वाचू नका, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, चष्मा ओला झाला तरी दिसलं पाहिजे. माईक नसेल तर उत्तम, चाळीस जणांना कशाला हवाय माईक, अण्णांच्या शेजारी उभे राहून बोला, लांब उभं राहिलं की भाषण होतं. आणि एवढं करूनही अडकलात तर थांबा, पाणी प्या, कुणी टाळ्या वाजवून वेळ मारून न्यायला लागलं तर हातानं थांबवा, आणि कागद बायकोच्या हातात द्या. पहिल्यांदा ऐकून खरं बोलणारी तीच आहे, राहिलेलं ती नीट वाचेल.

एक राहिलं. 'येत जा, भेटत जाऊ' असं मोघम काही म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. फेब्रुवारीतला एखादा रविवार आत्ताच ठरवा, अण्णांच्या बायकोला विचारून, आणि तिकीट काढून टाका, शनिवार-रविवारच्या पुणे गाड्यांना आयत्या वेळी जागा मिळत नाही. जाताना शेंगाची चटणी न्या, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. तिकडं दुकानात मिळते ती नुसतं तिखट घातलेलं दाण्याचं कूट असतं, आणि हे अण्णा पहिल्याच आठवड्यात तुम्हाला फोन करून, मोठ्यानं, सांगणारच आहेत.